लाकडी सर्फबोर्डला लीश जोडताना: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात समुद्र नाही, पण लाकडाची जाण असलेले हात भरपूर आहेत आणि आंबा घाट उतरला की रत्नागिरी. घरामागच्या शेडमध्ये मी लाकडी सर्फबोर्ड करतो. फळी बघायला येणारा माणूस आधी लाकूड विचारतो, मग वजन, मग पॉलिश. दोरीचं, म्हणजे लीशचं, विचारतो ते अगदी शेवटी, दारात चपला घालताना. माझ्या मते तो प्रश्न पहिला हवा. फळीची शेवटची पट्टी चिकटवण्याआधी दोरीची जागा ठरलेली नसेल, तर पुढे सगळी ओढाताण होते.

लीश म्हणजे नेमकं काय?

फळी आणि पाय यांना जोडणारी लवचिक दोरी. पायाच्या टोकाला वेलक्रोचा पट्टा असतो, त्याला लागून गरगर फिरणारी कडी, मग पॉलियुरेथेनची लांब दोरी. फळीच्या टोकाला चपटी कापडी पट्टी असते, तिला रेल सेव्हर म्हणतात. ही पट्टी एका छोट्या नायलॉनच्या फासाने फळीतल्या वाटीला अडकते. त्या वाटीला लीश प्लग म्हणतात, तिच्यात एक आडवी पिन असते. पुढे मी वाटी, पिन, फास हेच शब्द वापरणार आहे.

पूर्वी लोक लीशशिवाय लाटांवर जायचेच ना? मग हवी कशाला?

जायचे. हवाईतले लोक कोआसारख्या लाकडाच्या फळ्या शेकडो वर्षं दोरीशिवाय वापरत होते. आज आपण ज्याला लीश म्हणतो ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात आली, पॅट ओ'नील यांच्या प्रयोगातून. पण तेव्हा पाण्यात गर्दी किती आणि आज किती याचा विचार करा. माझी नऊ फुटी पोकळ फळी अकरा किलोची आहे. स्वार पडला की लाट तिला आडवी करून किनाऱ्याकडे ढकलते, आणि किनाऱ्याकडे गुडघाभर पाण्यात कुणाची तरी पोरं खेळत असतात. लीश आपली पोहण्याची दगदग वाचवते हे खरं, पण मी ती बांधतो ती त्या पोरांसाठी. लाकडाच्या फळीला तर हा नियम जास्तच लागू, कारण ती फोमच्या फळीपेक्षा जड असते आणि तिची कड कठीण असते.

बाजारात मिळणारी वाटी फोमच्या बोर्डात बसवतात तशीच लाकडात बसवली तर?

पोकळ फळीत ती उपटून येते. मी हे स्वतः अनुभवलं आहे.

पोकळ फळी म्हणजे आत उभा कणा, दोन्ही बाजूंना बरगड्या आणि वरून-खालून पाच-सहा मिलिमीटरच्या पट्ट्यांचं कवच. विसाव्या शतकात अमेरिकी सर्फर टॉम ब्लेक यांनी जड भरीव फळ्यांना पर्याय म्हणून पोकळ बांधणी रूढ केली आणि १९३२ साली तिचं पेटंट मिळवलं. आपण त्याच विचाराची पुढची आवृत्ती करतो. ही बांधणी अंगावर पसरलेला भार छान झेलते. एका बिंदूवरची ओढ मात्र तिला झेपत नाही. माझ्या पहिल्या फळीत मी कवचालाच भोक पाडून वाटी इपॉक्सीने (दोन भाग कालवून होणाऱ्या गोंदाने) चिकटवली होती. इपॉक्सी उत्तम बसली होती, वाटी हलतसुद्धा नव्हती. भाट्ये किनाऱ्यावर तिसऱ्या दिवशी एका साध्या, कंबरेएवढ्या लाटेत ती वाटी चिकटलेल्या लाकडासकट निघाली. माझ्या पायाला दोरी, दोरीला वाटी, आणि फळी सरळ किनाऱ्यावरच्या एका कुटुंबाकडे. कुणाला लागलं नाही. त्या बाईंनी मुलाला उचलून घेतलं तो क्षण मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आपल्याकडे म्हैस बांधणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दावं कितीही मजबूत असो, खुंटी भुसभुशीत मातीत ठोकली तर म्हैस खुंटीसकट जाते. दोरीची ओढ कण्यापर्यंत पोचली पाहिजे. कवचाने फक्त पाणी अडवायचं.

मग आत काय घालायचं?

ठोकळा. फळी बंद करण्याआधी शेपटीकडे कण्याच्या दोन्ही अंगांना घट्ट लाकडाचे ठोकळे चिकटवा, इतके उंच की खालच्या कवचापासून वरच्या कवचापर्यंत भरून निघतील. माझा ठोकळा साधारण दहा सेंटीमीटर लांब आणि कण्यासकट आठ सेंटीमीटर रुंद असतो. वाटी जेमतेम तीन सेंटीमीटर रुंद आणि दोनेक सेंटीमीटर खोल असते, पण तिच्या चहूबाजूंनी लाकूड हवं. वाटीच्या खालीही सेंटीमीटरभर उरलं तर पाणी आत जायला वाटच राहत नाही.

लाकूड म्हणाल तर मी सागवान वापरतो. टिंबर मार्केटमध्ये मोठ्या कामातून उरलेले तुकडे मिळतात, त्यात आपलं काम होतं. सागाला अंगचं तेल असतं. चिकटवण्याआधी ताज्या रंधलेल्या पृष्ठभागावरून अ‍ॅसिटोनचं फडकं फिरवा आणि ते उडालं की लगेच इपॉक्सी लावा, नाहीतर सांधा वरवर धरतो. साग नको असेल तर आयएस ७१० शिक्का असलेल्या मरीन प्लायचे तुकडे एकावर एक चिकटवून ठोकळा करा. त्यात रेषा आडव्या-उभ्या असल्यामुळे फाटायची भीती कमी.

पांगारा, सावर ही हलकी लाकडं कवचाला चालतील, ठोकळ्याला नाहीत. त्यांच्यात पिन रुतून बसत नाही. पांगाऱ्याबद्दल मात्र मला विशेष प्रेम आहे. हवाईत सरदारांच्या लांबलचक ओलो फळ्या ज्या विलिविली झाडाच्या व्हायच्या, ते आणि आपला पांगारा एकाच कुळीतले, दोन्ही एरिथ्रिना. शेताच्या बांधावर लाल फुलांनी पेटलेला पांगारा दिसला की मला तो समुद्राचाच वाटतो.

वाटीची जागा कुठली?

वरच्या बाजूला, मधल्या रेषेवर, शेपटीच्या टोकापासून आठ ते बारा सेंटीमीटर आत. मागची टाच तिच्यावर पडता कामा नये. भोक पाडण्याआधी फळी उलटी करून फिनचा, म्हणजे फळीखालच्या उभ्या पात्याचा, खाचा कुठवर आलाय ते मोजा. वरून पाडलेलं भोक खालच्या खाच्यात उतरलेलं मी पाहिलं आहे.

फळी आधीच बंद झाली आहे, आत ठोकळा नाही. आता?

आधी शेपटीचं टोक पाहा. बऱ्याच जणांनी तिथे भरीव लाकूड लावलेलं असतं, ते पुरेसं जाड असेल तर वाटी किंवा आरपार भोक त्यातच घ्या. नसेल तर वरच्या कवचाचा दहा बाय बारा सेंटीमीटरचा तुकडा जपून कापून काढा, ठोकळा कण्याला चिकटवा आणि तोच तुकडा रेषा जुळवून परत बसवा. ठिगळ दिसेल. दिसू द्या.

भोक पाडायची रीत कुठली?

इथे घाई करू नका. सगळं काम एका संध्याकाळी होतं, पण ती संध्याकाळच हवी. लाकूड तापत असताना त्यातली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीत बुडबुडे सोडते. लाकूड निवत असताना उलट होतं, ते इपॉक्सी आत ओढून घेतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये हे काम केलं की वाटीभोवती टाचणीएवढी छिद्रं राहतात आणि पाणी त्यातूनच शिरतं. म्हणून दिवेलागणीला सुरुवात करा.

वाटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) घ्या. आतला गाभा पटाशीने काढा आणि तळ सपाट करा. आधी नुसती पातळ इपॉक्सी ब्रशने तळाला आणि भिंतींना लावा, लाकडाची तहान भागेपर्यंत. आडवं कापलेलं लाकूड फार पितं, दोनदा लावावी लागते. मग इपॉक्सीत लाकडाची बारीक पूड मिसळून चक्क्याएवढी घट्ट करा, भोकात भरा आणि वाटी फिरवत फिरवत दाबा, म्हणजे खाली हवा अडकणार नाही. वाटीच्या तोंडाला आधीच चिकटपट्टी लावलेली असू द्या. बाहेर आलेली इपॉक्सी पुसा, चोवीस तास हात लावू नका. ओढीची परीक्षा आठवड्याने.

उन्हाळ्यात इपॉक्सी कालवताना भांडं पसरट घ्या आणि एका वेळी थोडीच कालवा. उभ्या ग्लासात जास्त कालवली तर ती स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडून दगड होते. पावसाळ्यात वेगळा त्रास: वाळलेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो. तो पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुऊन मगच पुढचा थर द्या. हातमोजे नेहमी घाला. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सुटत नाही.

भरीव फळीला वाटीच हवी का?

नको. भरीव लाकडात सरळ आरपार भोक चालतं, फक्त ते उघड्या लाकडाचं ठेवू नका. आठ मिलिमीटरचं भोक हवं असेल तर आधी चौदाचं पाडा, खालून पट्टी चिकटवून ते इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळलं की मधोमध आठचं पाडा. आता दोरीभोवती सगळीकडे इपॉक्सीची नळी तयार झाली, लाकडाला पाण्याचा स्पर्शच नाही. होड्यांचं काम करणारे याच रीतीने बोल्टची भोकं करतात. खालच्या तोंडाशी गाठ मावेल एवढा खळगा करा आणि दोन्ही कडा कानशीने गोल करा, धारदार कड नायलॉन कापते.

अलाया फळीला लीश लावावी का?

अलाया म्हणजे दोनेक सेंटीमीटर जाडीची, फिन नसलेली पातळ फळी. तिला दोरीची ओढ लगेच जाणवते, शेपटी हवी तशी घसरत नाही, म्हणून बरेच जण लीश लावत नाहीत. माझं मत सांगतो: मागे-पुढे दूरवर कुणी नसेल आणि तुम्ही पक्के पोहणारे असाल तरच लीशशिवाय जा. कोकणातल्या गर्दीच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी अलाया पाण्यात नेऊच नका. लीश लावायची ठरवलीत तर वर सांगितलेलं इपॉक्सी भरलेलं भोक, टोकापासून निदान सात-आठ सेंटीमीटर आत. त्याहून कडेला घेतलं तर शेपटी रेषेत चिरते.

फिनलाच भोक पाडून दोरी बांधली तर?

जुन्या फळ्यांना असं करत. फिन तुटली तर फळी आणि फिन दोन्ही जातात, शिवाय दोरी खालून येते आणि शेपटीची कड घासत राहते. वाटीच बरी.

डोक्याला गोल कडी असलेला स्क्रू पिळला तर पाच मिनिटांचं काम आहे ना?

आहे, आणि पाय फाडून घ्यायलाही तेवढाच वेळ लागतो. फळीच्या वर आलेलं धातूचं काहीही नको.

वाटी मिळत नाही. उद्यमनगरात करून मिळेल?

नक्कीच, आणि हा आपल्या गावाचा मोठा फायदा आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याला नमुना दाखवा, तो पिन काय, अख्खी वाटी काढून देईल. धातूचं मात्र ठामपणे सांगा: ३१६ स्टेनलेस. ३०४ स्वस्त पडतं, घरात चकचकीत राहतं, पण खाऱ्या पाण्यात त्याच्यावर टाचणीटोचे खड्डे पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते क्षाराला तोंड देतं. साधं लोखंड गंजून लाकूड काळं करतं. पितळ दिसायला सुंदर, पण समुद्राच्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि ते आतून ठिसूळ होतं. अ‍ॅल्युमिनियमची वाटी आणि स्टेनलेसची पिन ही जोडीही नको, खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

मला स्वतःला धातूशिवायची वाटी आवडते. ठोकळ्यात गोल खळगा कोरायचा, त्याला इपॉक्सी पाजायची आणि मधून बाभळीची किंवा शिसवीची आठ मिलिमीटरची खुंटी आडवी घालायची, दोन्ही बाजूंना निदान दोन सेंटीमीटर ठोकळ्यात रुतलेली. खुंटीची रेषा सरळ हवी, गाठीचा तुकडा घेऊ नका.

कोल्हापुरी चपलेच्या कातड्याची वादी करून लावली तर छान दिसेल ना?

हा प्रश्न मला प्रेमाने विचारला जातो आणि नाही म्हणताना वाईट वाटतं. वनस्पतींच्या सालीत कमावलेलं आपलं कातडं जन्मभर पायात टिकतं, पण त्याला पाण्यात राहायची सवय नाही. भिजलं की ताणतं, वाळलं की आकसतं आणि मीठ त्याला कडक करतं. फळी भिंतीला टांगायला वादी लावा, ओढीच्या जागी नको.

सायकलची ट्यूब किंवा रबरी नळी वापरता येईल?

अजिबात नाही. सुरुवातीच्या लीश वैद्यकीय कामाच्या रबरी नळीच्या होत्या. त्या खूप ताणायच्या आणि फळी गोफणीतल्या दगडासारखी परत यायची. पॅट यांचे वडील जॅक ओ'नील यांचा डावा डोळा त्या काळातल्या अशाच दोरीपायी गेला. वेटसूटच्या (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाच्या) धंद्यात नाव कमावलेला, जन्म समुद्रात काढलेला माणूस तो. आजचं पॉलियुरेथेन ताणतं पण झटका कमी देतं. तरीही पडल्यावर वर येताना एक हात डोक्यावर आणि चेहऱ्यासमोर धरूनच या. दोरी हाताला कधीही गुंडाळू नका, लाट बोटं सोडवून घेत नाही.

फास केवढा ठेवायचा, गाठ कुठली?

तीन-चार मिलिमीटरची विणलेली नायलॉन दोरी घ्या, दोन्ही टोकं एकत्र घेऊन निरगाठ मारा आणि टोकं लायटरने वितळवा. फासाचं एक टोक पिनेखालून काढा, त्यातून गाठीचं टोक ओवून ओढा. पिनेभोवती तो आपोआप आवळतो. उरलेल्या फासात रेल सेव्हर अडकवा.

महत्त्वाची आहे ती लांबी. फास शेपटीच्या कडेपर्यंत पोचता कामा नये, कडेवर यायला हवी ती रुंद कापडी पट्टी. फास लांब झाला की बारीक नायलॉन कडेवर येतं आणि तार जशी चीज कापते तसं लाकडात उतरतं. फोमवाल्यांची कड काचतंतूंच्या थराने थोडी वाचते. आपली पातळ, हलक्या लाकडाची कड एका जोरदार पडण्यात चिरते. जोडून झाल्यावर दोरी मागे, डावीकडे, उजवीकडे अशी तिन्ही बाजूंना ओढून बघा.

लीश किती लांब, किती जाड?

फळीएवढी किंवा किंचित जास्त. नऊ फुटी फळीला नऊ फुटी. लाकडी फळी जड असल्यामुळे पाच मिलिमीटरची बारीक दोरी टाळा, सात मिलिमीटर घ्या.

कुठल्या पायाला?

मागच्या. डावा पाय पुढे ठेवत असाल तर उजव्या घोट्याला, वेलक्रोचं टोक बाहेरच्या बाजूला.

घाट उतरल्यावर फळी कुरकुरते किंवा वाटीपाशी पाणी झिरपतं. का?

हा खास आपला, घाटावरच्यांचा प्रश्न आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्के कमी. पोकळ फळीचं हवेचं बूच इथेच घट्ट बंद करून खाली नेलं, तर आतली हवा कोल्हापूरची आणि बाहेरची रत्नागिरीची. दहा बाय दहा सेंटीमीटरच्या तुकड्यावर सहा किलोहून थोडा जास्त भार बाहेरून पडतो. त्यात फळी गाडीच्या टपावर उन्हात तापलेली. पाण्यात टाकली की आतली हवा गार होऊन आणखी आकसते. आता फळी बाहेरचं काहीतरी आत ओढणारच, आणि वाटीच्या कडेला केसाएवढी फट असेल तर ती समुद्र ओढते. परतीला उलट: आत जास्त दाब, सांधे फुगतात.

म्हणून प्रवासात बूच उघडं ठेवा. किनाऱ्यावर पोचल्यावर फळी सावलीत अर्धा तास निवू द्या, मग बूच लावा, मग पाण्यात. बाहेर आल्यावर लगेच बूच काढा. बूच उघडायचा विसर पडू नये म्हणून मी गाडीच्या किल्लीला लाल दोरा बांधला आहे.

वाटी पाणी धरते की नाही हे घरी कसं तपासायचं?

वाटीभोवती साबणाचं पाणी लावा आणि बुचाच्या भोकातून तोंडाने हलकेच फुंका. फेस वाढला तर फट आहे. पंप लावू नका, सांधे उकलतात. ओढ तपासायची तर फळी आडवी पक्की बांधून फासाला सिमेंटचं पन्नास किलोचं पोतं हळूहळू लटकवा आणि पाच मिनिटं थांबा. करकर ऐकू आली तर ती फळी समुद्रावर नेऊ नका.

रंकाळ्यावर किंवा पंचगंगेत सराव करताना लीश बांधू का?

तळ्यात, परवानगी असेल तिथे, हो.

नदीत घोट्याला लीश कधीही बांधू नका. वाहत्या पाण्यात दोरी झुडपात, दगडात अडकली की फळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला आणि तुम्ही वरच्या अंगाला राहता, प्रवाह तुम्हाला पाण्याखाली दाबून धरतो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. आपल्या नद्यांवर तर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. खांब, खाचा, बरगे, आणि त्यांच्यामधून ओढ घेणारं पाणी. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यासारख्या ठिकाणी लीशसकट काय होईल याची कल्पनाही करवत नाही. वाहत्या पाण्यासाठी कमरेला बांधायचा, एका झटक्यात सुटणारा पट्टा वेगळा मिळतो. तो नसेल तर नदीत फळी नको, आणि बंधाऱ्याजवळ तो असला तरी नको.

लीश आहे म्हणजे पोहता येत नसलं तरी चालेल?

नाही. दोरी कधीही तुटते. पावसाळ्यात तर पट्टीच्या पोहणाऱ्यानेही आपल्या किनाऱ्यावर उतरू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तिला माशांच्या विणीचं कारण आहेच, पण त्या दिवसांतला समुद्र कसा असतो हेही कोळ्यांकडून ऐका.

लीशची निगा कशी राखायची?

गोड्या पाण्याने धुवा, सावलीत सरळ टांगा, फळीभोवती घट्ट गुंडाळून ठेवू नका, पीळ कायमचा राहतो. दोरीवरून नख फिरवा, नखाला चीर लागली तर ती दोरी गेली. नायलॉनचा फास दर हंगामात नवा. तो काही रुपयांचा असतो.

वाटीजवळचं लाकूड काळं पडलंय. वापरू का?

पाणी शिरलंय. फळी वापरणं आजच थांबवा. फास काढा, बूच उघडा, शेपटी खाली करून सावलीत दोन-तीन आठवडे उभी ठेवा. वाळल्यावर वाटीभोवती पटाशीचं टोक दाबून बघा. लाकूड कडक लागलं तर फट इपॉक्सीने भरून चालेल. टोक रुतलं तर वाटी काढून, खराब लाकूड कोरून, मोठ्या भोकात नवा सागाचा गोल तुकडा बसवावा लागेल, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून, संध्याकाळी.